रेघेपर्यंत पाणी

काउंटरच्या काचेवर ओला पंजा उमटला होता.

एवढंच. पण चारुता दचकली. पाठ फिरवून ती फडताळातली औषधाची खोकी लावत होती, तेवढ्यात हे. बाहेर टळटळीत दुपार, लाइट गेलेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पडेगावच्या पुढं उठलेल्या त्या नव्या वसाहतीत कित्येक दिवस टँकर फिरकला नव्हता. माणसं ताटं राखेनं घासून नुसती पुसून ठेवत होती. अशा ठिकाणी ओला हात कुणाचा असणार? तिनं बोट लावून पाहिलं. पाणी गारढोण होतं, आणि त्याला वास येत होता... शेवाळलेल्या विहिरीचा.

तिनं ते घाईघाईनं पुसून टाकलं आणि पुन्हा खोक्यांकडं वळली. पण मन काही खोक्यांत नव्हतं. ते सकाळपासून आवडाबाईपाशी अडकलं होतं.

आवडाबाई समोरच्या टोलेजंग इमारतीच्या वॉचमनची बायको. इमारतीच्या मागं पत्र्याच्या खोलीत राहायची. सकाळी ती नातीला, श्रेयाला, कडेवर घेऊन आली होती. पोरीला रात्रभर जुलाब. डोळे खोल गेलेले, ओठांवर पापुद्रे. दवाखाना लांब आणि मेडिकल दारात, म्हणून या दुष्काळात जो तो आधी चारुताकडंच यायचा. तिनं ओआरएसची पुडी काढली, आवडाबाईचा मोबाइल नंबर लिहून घेतला आणि सोबत एक रिकामी बाटली दिली. बाटलीवर लिटरभराच्या खुणेला तिनं लाल नेलपॉलिशची रेघ ओढलेली होती. पाणी वाचवायला बाया कपभर पाण्यातच अख्खी पुडी ढवळायच्या, आणि तसलं जहाल पाणी लेकराच्या जिवावर बेततं.

"रेघेपर्यंत पाणी भरा, मगच पुडी टाका. आणि पाजत पाजत हिला लगेच घाटीच्या सरकारी दवाखान्यात न्या."

"नेते की. ह्यांना येऊ द्या, टँकरच्या मागं गेलेत." आवडाबाई बाटलीकडं बघून कोरडं हसली. "पण रेघेपर्यंत? ताई, इथं चूळ भरायला नाय, अन् तुम्ही रेघा काय मारताय!"

मागच्या फ्रिजमध्ये सीलबंद पाण्याच्या बाटल्या खच्चून भरल्या होत्या. चारुताचा हात तिकडं गेलासुद्धा. तेवढ्यात दुकानाचे मालक श्रीनिवासकाका नुसते खाकरले. ते पाणी फ्लॅटवाल्यांनी सांगून ठेवलेलं होतं. एकीला दिलं की दारात रांग लागेल, हे त्यांनी आधीच बजावलं होतं.

तिचा हात मागं आला.

"बघा ना... कुठून तरी," ती पुटपुटली होती.

"ताई..."

हातातलं खोकं तसंच धरून चारुता गर्रकन वळली. काउंटरपाशी एक बाई उभी होती. पदर पुढं ओढलेला, आणि पदरातून पाणी ठिबकत होतं. कोपरापर्यंत हात चिखलानं माखलेले. एका हातात चेपलेली जर्मनची वाटी. दुसऱ्या हातात बाटली, लाल रेघेची. पाणी बरोबर रेघेला टेकलेलं.

"बगा बरं... नीट भरली का?"

"ही आवडाबाईची ना? पाणी... कुठं मिळालं?"

"तुमीच म्हनला की. कुठून तरी बगा." आवाज खूप खालून यावा तसा. "माज्याकडं लई हाये. लेकराला पाजायचं ना..."

"थांबा! तसंच पाजू नका. मी क्लोरीनचे थेंब देते..."

ती ड्रॉवरवर वाकली. मान वर केली तर समोर कुणी नव्हतं. फरशी कोरडी ठक्क. काचेवर मात्र पुन्हा तोच ओला पंजा.

मागच्या खोलीत जेवत असलेले काका ताकाचा पेला हातात घेऊन बाहेर आले.

"काका, आत्ता एक बाई... ओलीचिंब... हातात वाटी..."

"केसरबाई," काका म्हणाले, जुन्या गिऱ्हाइकाचं नाव घ्यावं तसे. "समोरच्या पार्किंगखाली विहीर होती. मागं एका दुष्काळात आटली. हिचं लेकरू तापानं फणफणलेलं. वाटी घेऊन तळाला उतरली, झरा खरवडायला. वरून दरड आली."

"मग?"

"मग काय? बिल्डरचं काम खोळंबलं होतं. बाहेर काढायची म्हणजे आणखी खोळंबा. तशीच बुजवली."

"ती... याआधीही आलीय?"

"दुष्काळ पडला की येते." काकांनी खांद्यावरच्या फडक्यानं पंजा पुसला. "आपल्याला काय? ती काही विकत घेत नाही."

चारुतानं सकाळी लिहून घेतलेला नंबर काढला. तिनं आवडाबाईला फोन लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलेना. तिनं फ्रिज उघडला, हाताला लागली ती बाटली ओढली.

"ए चारुता! ती फ्लॅटवाल्यांची आहे!"

ती पळत सुटली. फोन कानाला. रस्ता ओलांडून पार्किंगमध्ये शिरली. पलीकडं पत्र्याच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. तिनं पुन्हा नंबर लावला, आणि पार्किंगच्या मधोमध जागीच थिजली.

आवडाबाईच्या मोबाइलची रिंग खोलीतून येत नव्हती. ती चारुताच्या पायांखालून, काँक्रीटच्या खालून येत होती.

मग रिंग थांबली. फोन उचलला गेला. पलीकडं दगडावर काहीतरी खरवडत होतं... सावकाश, वाटीनं खरवडावं तसं.

"आवडाबाई? ते पाणी पोरीला... पाजू नका..."

खरवडणं थांबलं. मघाचाच, खूप खालून येणारा आवाज आला.

"पाजलं की, ताई. आता पानी मागत नाय पोरगी."