जुन्या विमानाचा नवा पंख

"सगुणा, विमान तू हलवलंस?"

चंद्रप्रकाशचा आवाज ऐकून सगुणाने मान वर केली. भांडुपच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये दिवाळीच्या सुट्टीतलं छंद-प्रदर्शन दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला उघडणार होतं. टेबलं मांडायचं काम तिघांकडे होतं: तेरा वर्षांची सगुणा, तिच्याच वर्गातला चंद्रप्रकाश आणि त्याची धाकटी बहीण कमळ. सातव्या टेबलावर अण्णांच्या नावाचं कार्ड उभं होतं. कार्डामागे काहीच नव्हतं.

अण्णा म्हणजे चंद्रप्रकाशच्या शेजारच्या खोलीतले दत्ताराम अण्णा. महायुद्धात ते हवाई दलात फिटर होते. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर हरिकेन नावाच्या लढाऊ विमानाची ते देखभाल करत. त्याच विमानाची हातभर लांबीची प्रतिकृती त्यांनी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून कोरली होती. वरून हिरवे-तपकिरी पट्टे, खालून आकाशी. रंगाची चमक घालवण्यासाठी त्यात टाल्कम पावडर मिसळली होती. धूर बाहेर पडायच्या नळ्यांमागचे काळे ओघळ स्टोव्हच्या काजळीचे होते. आणि डाव्या पंखाच्या मुळाशी रंग झिजून आतला रुपेरी पत्रा उघडा पडल्यासारखा दाखवला होता, कारण वैमानिक नेहमी डावीकडूनच चढायचा आणि त्याच्या आसनाचे पट्टे आवळायला अण्णा तिथेच गुडघा टेकायचे.

या कामाला दोन वर्षं लागली होती. गेल्या वर्षीच्या आजारपणापासून मात्र अण्णांचे हात थरथरायचे. सदऱ्याची बटणंसुद्धा त्यांना सुनेकडून लावून घ्यावी लागत. दुसरं विमान आता होणार नव्हतं. होतं तेही लोकांसमोर ठेवायला अण्णा तयार नव्हते. "मी सांभाळेन," असा शब्द देऊन, आठ दिवस मागे लागून चंद्रप्रकाशने ते आणलं होतं.

वाचनालयाचे चिटणीस विद्याधरकाका दारात रिक्षा थांबवून उभे होते. मुलांनी त्यांना गाठलं.

"ते होय? रंगवायला दिलंय," काका म्हणाले. "किती मळकट होतं रे! दिवाळीच्या तोंडावर पाहुण्यांना काय काजळी दाखवायची?"

कुणाकडे दिलं, ते त्यांना धड सांगता येईना. एक रंगारी रस्त्याने चालला होता, त्यालाच हाक मारली. माणूस ओळखीचा आहे, नाव आत्ता आठवत नाही. संध्याकाळी आपण टेंभीपाड्याकडे जाणारच आहोत तेव्हा त्याला शोधू, आणि आपल्या चिठ्ठीशिवाय वस्तू कुणाला देऊ नको असं बजावलंय, एवढं बोलून काका रिक्षात बसले.

"वाट लागली," चंद्रप्रकाश म्हणाला. "यार, मी शब्द दिला होता."

सगुणाने त्याला तिथेच सोडून शिपाई हरेश्वरला विचारायला सुरुवात केली. हरेश्वरने रंगाऱ्याला पाहिलं होतं. चेहरा लक्षात नव्हता, पण डोक्यावर गवत भरलेली टोपली होती आणि नखं सोनेरी होती.

"सोनार असेल," कमळ म्हणाली.

"सोनार नखांत सोनं घेऊन रस्त्यावर फिरतो होय गं?"

"गवत कशाला भरतात?" सगुणाने दोघांना थांबवलं. "फुटणारी वस्तू असली की. सोनेरी रंग, फुटणारी वस्तू, आणि दिवाळी आठ दिवसांवर. आता सांगा."

दोघेही एकदम म्हणाले, "मावळे!"

किल्ल्यावर मांडायचे मातीचे मावळे स्टेशनजवळ दोघेजण विकत. पहिल्याचा माल बाहेरगावाहून टेम्पोने आलेला होता. दुसऱ्याने सांगितलं, आपले मावळे टेंभीपाड्यातला जयवंत बनवतो. मुलं धावत निघाली.

जयवंतच्या शेडमध्ये शेकडो मावळे फळ्यांवर वाळत होते. मधोमध स्टुलावर विमान होतं. त्याचा उजवा पंख पोपटी झाला होता आणि तेलासारखा चमकत होता. आता जयवंतचा ब्रश डाव्या पंखाच्या अगदी जवळ आला होता.

सगुणाने सरळ त्याचं मनगट धरलं.

जयवंत चिडला. चिठ्ठी आहे का, म्हणाला. चिठ्ठी नव्हती. मग बाहेर व्हा, म्हणाला. सगुणा हलली नाही.

"काका, माझे बाबा खाडीत होडी घालतात. दर वर्षी रंग लावतो आम्ही. पहिल्यांदा कुठला जातो ठाऊक आहे? जिथे पाय पडतो तिथला. हे बघा, इथे झिजलंय. उजव्या पंखावर होतं का असं?"

जयवंतने आठवून पाहिलं. नव्हतं. त्याने विमान उचललं, दाराशी उजेडात नेलं आणि झिजलेल्या जागेवरून हलकेच अंगठा फिरवला. मग काजळीचे ओघळ बघितले. ते सुरुवातीला दाट होते आणि मागे जाताना विरत गेले होते.

"ह्या घाण नाय गो," तो हळूच म्हणाला. "ह्या कोणीतरी मुद्दाम केल्यान हा. माझ्या बापाक जमला नसता."

तो स्टुलावर बसून राहिला. उजव्या पंखावर असं काही केलेलं असेल तर ते त्याने स्वतःच झाकलं होतं.

अण्णांना सांगणं भाग होतं. ते काम चंद्रप्रकाशने स्वतःकडे घेतलं. वाटेत तो तीन वेळा थांबला, पण गेला.

अण्णा आले. पोपटी पंखाकडे वाकून पाहू लागले. मग त्यांच्या मिशा हलल्या.

"चव्वेचाळीसच्या मार्चमध्ये," ते म्हणाले, "उतरताना आमचा उजवा पंख ताडाला लागून मोडला. वैमानिक साहेब वाचले. स्टोअरमधून नवा कोरा पंख आला, तो मी बसवला. साहेब हसून म्हणाले, दत्ताराम, जुन्या सदऱ्याला नवी बाही शिवलीस की!" त्यांनी थरथरता हात पंखाजवळ नेला आणि परत घेतला. "मी विमान केलं ते त्याच्या आधीचं. आता नंतरचं करू या. फक्त हा पोपट उडवायला हवा."

मग कामाला जोर आला. ओला रंग जयवंतने टर्पेंटाइनने अलगद पुसला आणि मावळ्यांच्या लवकर वाळणाऱ्या रंगांतल्या हिरव्यात तपकिरी कालवून अण्णा मान डोलावेपर्यंत छटा बदलत राहिला. कमळने जयवंतच्या बायकोकडून पावडरचा डबा आणला. ब्रश सगुणाच्या हातात होता. "पट्ट्याचा काठ सुरीने कापल्यासारखा नको," अण्णा सांगत, आणि ती तो पुसट करी. चंद्रप्रकाशने श्वास रोखून विमान धरलं होतं.

ऊन कलताना विद्याधरकाका विचारत विचारत तिथे पोचले. त्यांना हवी होती चमक, आणि डावा पंख अजून मळकटच होता. तोही रंगव, असं त्यांनी जयवंतला फर्मावलं.

"रंगवू या की," चंद्रप्रकाश नम्रपणे म्हणाला. "फक्त चमकणारा ऑइल पेंट उद्या दहापर्यंत वाळणार नाही. पाहुण्यांचा पदर लागला तर त्यांची साडी हिरवी होईल."

काकांनी क्षणभर ते चित्र डोळ्यांसमोर आणलं. मग असू दे असंच, म्हणून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पाहुण्या आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका द्रौपदीबाई. सातव्या टेबलापाशी त्या थांबल्या. एक पंख नवा आणि दुसरा जुना, असं का, त्यांनी विचारलं. काका घाईने सांगू लागले की काम जरा अर्धवट राहिलं.

"नाही," अण्णा म्हणाले.

हॉलमध्ये त्यांचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. सुरुवातीला तो फारच बारीक निघाला. ताडाचं झाड येईपर्यंत तो नीट झाला, आणि सदऱ्याची बाही आली तेव्हा मागच्या रांगेतले लोकही हसले. डाव्या पंखाची झीज कशाची, हे ऐकल्यावर काकांचा चेहरा उतरला.

"अण्णा, मला वाटलं मळलंय."

"मळवायला मला चार महिने लागले, विद्याधरराव."

अण्णांनी मग तिन्ही मुलांना पुढे बोलावलं, मावळेवाल्या जयवंतलाही. पंख यांनी केला, असं सांगितलं. द्रौपदीबाईंनी वाकून पंख जवळून निरखला. आपल्या चाळीस वर्षांच्या नोकरीत इतकं मन लावून केलेलं काम फार थोडं पाहिलं, असं त्या म्हणाल्या. जयवंतने सोनेरी नखं पाठीमागे लपवली.

दुपारी एकला हॉल जेवणासाठी बंद व्हायचा होता. हरेश्वर किल्ल्या वाजवत दोनदा येऊन गेला. सातव्या टेबलाभोवती मुलांचा पाचवा घोळका जमला होता, आणि अण्णा काही केल्या घरी निघायला तयार नव्हते.