वरच्या सप्तकातला काटा

वीज गेली तर जाऊ दे, कंदील जरा पुढे ओढा. आत तुमची नात रडते आहे, ती निजेपर्यंत एक गोष्ट सांगतो. टेबलावर ती काट्याची पेटी दिसते ना, तिचीच.

चौऱ्याहत्तर साल. सांगलीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि हात सारखे शिवशिवायचे. त्यातून ही पेटी बनली. मायक्रोफोनपुढे गायलं, की काटा त्याच क्षणी त्या सुरावर जाऊन उभा राहायचा. तबकडीवर दोन सप्तकं मी स्वतः रंगवली होती. खोड एकच. मधूनच ती सुराची कंपनं दुप्पट मोजायची आणि खालच्या सा ऐवजी काटा वरच्या सा वर उडी मारायचा. त्यासाठी एक बटण बसवलं. ते पिळलं की वरचं सप्तक बंद.

पलूसचे सुभेदार लालासाहेब पासष्टच्या लढाईतून परतले ते तोफांनी ठार बहिरे होऊन. त्यांच्या पत्नी अंबूबाई गावभर बारशांना पाळणे म्हणायच्या. त्या वारल्या आणि वर्षभरात नातीचं बारसं आलं. सुभेदारांनी हट्ट धरला, अंबूचा पाळणा मीच म्हणणार. त्यांची सून अंजना माझ्याकडे आली.

"बेसूर झालं तर बाया हसतील वो. मग मामंजी पुन्यांदा तोंड उघडायचं न्हाईत. काटा बघून सूर धरतील का?"

"धरतील की!" मी छाती फुगवून म्हणालो.

बारशाच्या संध्याकाळी घर बायकांनी भरलं होतं. मी पेटी पाळण्याशेजारी ठेवली, खालच्या सा वर खडूची खूण केली. बाळाने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. सुभेदारांनी सूर लावला आणि काटा भरकटला. पदराआड कुणीतरी खुदकन हसलं. त्यांना ऐकू आलं नाही, पण दिसलं. ते थांबले. त्यांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात काटा उठला आणि वरच्या सा वर जाऊन उभा राहिला.

खोडच ही, म्हणून मी बटण पिळलं. काटा हलेना. मग ध्यानात आलं... कुणीच गात नव्हतं. बाळही गप्प झालं होतं. पाळण्याची दोरी तेवढी करकरत होती, आणि ताज्या भाजलेल्या तंबाखूचा, मिश्रीचा वास आला.

"आत्याबाईंची मिश्री..." अंजना पुटपुटली; सासूला ती आत्याबाई म्हणायची. "घरात आता कुनी लावत न्हाई..."

सुभेदारांनी काचेवर बोट ठेवलं. चेहरा लहान पोरासारखा उजळला.

"म्होरं ती म्हणत्या. गप ऱ्हावा."

काटा एक सूर पुढे सरकला. मागोमाग सुभेदार, बरोबर एक सप्तक खाली. अख्खा पाळणा असाच झाला, एक सूर चुकला नाही. माझ्या अंगावर काटा आला होता आणि हसूही आवरत नव्हतं. शेवटच्या कडव्याला तर भीतीबिती विसरून सगळ्या बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. बाळ निजलं तेव्हाच काटा खाली आला.

सुभेदारांनी ओंजळ भरून घुगऱ्या दिल्या, वर पेटीही परत दिली.

"घिऊन जा गड्या. तिला एका घरात कुटं करमतंय? लय बाळं हायती."

वरच्या सप्तकाच्या तारा मी घरी येताच कापल्या. त्याला वर्षं झाली.

...थांबा. तुमची नात गप्प झाली का? उठू नका. आधी कंदील पेटीवर धरा, काटा कुठे आहे ते सांगा... आणि हो, तुमच्या घरी मिश्री कोण लावतं?