इतिहासाची हरकत नसलेली तारीख

माणसं येतात आणि जातात, साम्राज्यं उभी राहतात आणि कोसळतात. तारीख मात्र दरवर्षी न चुकता परत येते आणि विचारते, माझ्या दिवशी काय घडलं होतं, आठवतंय का? या गंभीर प्रश्नाचं उत्तर देणारं सदर एका दैनिकाच्या आठव्या पानावर, शब्दकोड्याच्या खाली छापून येत असे. कोडं मोठं असलं की इतिहास कापला जाई.

सदर लिहिणारा पस्तिशीचा, सडपातळ आणि अविवाहित होता. त्याच्या टेबलावर एक लाकडी पेटी होती आणि तिच्यात वर्षातल्या प्रत्येक तारखेचं एक कार्ड. कार्डावर लढाया, शोध, जन्म, मृत्यू. पेटीतून रोज पुढचं कार्ड काढायचं, चार घटना उतरवायच्या, की काम झालं. ऑफिसात सगळे त्याला कॅलेंडर म्हणत. पंचवीस वर्षं मुरल्याशिवाय तो कुठल्याच घटनेला हात लावत नसे, त्यामुळे स्वतःचा पेपरही वाचत नसे. त्याच्या मते त्यातलं सगळं अजून कच्चं होतं.

जानेवारीतल्या एका सकाळी अवेळी पाऊस आला आणि पावसाबरोबर एक मुलगी आत आली. निथळती छत्री कुठे ठेवावी म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं आणि ती सरळ पेटीवर आडवी ठेवली.

"अहो, छत्री! दुसरं महायुद्ध भिजतंय!"

ती दचकली. "कुठे?"

"सप्टेंबरात!"

तिने शांतपणे सप्टेंबरातलं पहिलं कार्ड काढलं, रुमालाने टिपलं, वर दोन फुंकरा मारल्या. केसांवरून एक थेंब ओघळून तिच्या नाकाच्या शेंड्याशी थांबला होता, तो तिच्या लक्षात नव्हता. त्याच्या होता.

"घ्या. पोलंड जरा पुसट झालाय, बाकी युद्ध ठीक आहे."

"तुम्ही कोण?"

"आजपासून तुमच्या चुका काढणारी. मुद्रितशोधक."

"माझ्यात चुका नसतात."

"पंचवीस डिसेंबरला तुमच्याकडे न्यूटन जन्मला. परवा, चार जानेवारीला, पुन्हा जन्मला. त्याच्या आईचा तरी विचार करायचात."

"तेव्हा इंग्लंडात जुनी दिनदर्शिका होती. जुन्या हिशेबाने पंचवीस, नव्याने चार. दोन्ही बरोबर आहेत."

"असतील. पण लोकांचं एका वाढदिवसात भागतं हो."

तुमचा कधी असतो... असं त्याला विचारायचं होतं. त्याने पेटी पुसायला घेतली.

त्यानंतर ती रोज दुपारी सदराचा कच्चा छाप घेऊन येऊ लागली. तो एका मिनिटात तपासून होत असे. ती चहा संपेपर्यंत बसे. चहा ती फार सावकाश पीत असे.

"आज कोण कोण गेलं?"

"एक राजा, दोन सेनापती."

"आणि जन्मलं?"

"एक गणिती."

"म्हणजे आजचा दिवस तोट्यातच."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, याची नोंद कुठल्याच कार्डावर नाही. एकदा तिच्या गालावर छपाईची शाई लागली होती. ती मुद्दामच पुसत नव्हती, असं टंकलेखक बाई नंतर शपथेवर सांगत. त्याने हात उचलला, तो गालाच्या दिशेने अर्ध्या वाटेपर्यंत आला – आणि वाट बदलून कार्डाकडे गेला.

आपलं या मुलीवर प्रेम आहे हे त्याला जुलैत कळलं. तिला मार्चपासून माहीत होतं. आता फक्त बोलायचं राहिलं होतं आणि बोलायला चांगला दिवस हवा होता. पत्रिका, ग्रह यांवर त्याचा विश्वास नव्हता. तो शिकलेला होता. त्याचा विश्वास कार्डांवर होता. वीस जुलै त्याला पसंत पडला, कारण त्या दिवशी माणूस चंद्रावर उतरला. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, पेटी उघडली, आणि त्याच तारखेला हिटलर बॉम्बस्फोटातून वाचला होता हे वाचून ती परत बंद केली. नऊ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली म्हणून पुन्हा शर्टाला इस्त्री झाली. पण त्याच तारखेला, भिंतीच्या कितीतरी आधी, त्याच देशात ज्यूंची दुकानं फोडली, प्रार्थनास्थळं जाळली. अशा दिवशी संसाराची गोष्ट काढायची कशी?

"आज काहीतरी बोलणार होतास ना?" तिने विचारलं. "शर्टावरून वाटलं."

"नाही... म्हणजे हो. पण आज नको. आजचं कार्ड वाईट आहे."

"चांगलं कार्ड कुठलंय?"

"शोधतोय."

"शोध," ती म्हणाली. "मी चहा घेते तोवर."

फेब्रुवारीच्या मध्यावर तिला दुसऱ्या शहरातल्या प्रकाशन संस्थेकडून बोलावणं आलं. पगार बरा, काम पुस्तकांचं. छाप टेबलावर ठेवून, त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "महिनाअखेरीपर्यंत कळवायचंय. इथे राहायला काही कारण असेल... तर नाही म्हणून टाकेन."

तिचं बोट टेबलाच्या कडेवरून पुढेमागे फिरत होतं. त्याने घाईघाईने पेटी चाळली आणि फेब्रुवारीच्या शेवटी त्याचा हात थांबला. त्या कार्डावर ना लढाई, ना खून, ना भूकंप. एका संगीतकाराचा जन्म, बास. हे कार्ड क्वचितच लागतं म्हणून आधीच्या सदरलेखकाने ते भरायचा कंटाळा केला होता, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. इतिहासाची हरकत नसलेली तारीख सापडली म्हणून तो हरखून गेला होता.

"कारण आहे," तो म्हणाला. "एकोणतीसला सांगतो."

"एकोणतीसला?" तिने मान वर केली. "फेब्रुवारीच्या?"

"फेब्रुवारीच्या एकोणतीसला. संध्याकाळी, कालव्याकाठच्या बाकावर. नक्की."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हसली. आधी ओठ हसले. डोळ्यांना जरा उशीर लागला.

"बरं," ती म्हणाली. "कळलं."

अठ्ठावीसला तिने सगळ्यांचा निरोप घेतला आणि सर्वांत शेवटी त्याच्या टेबलाशी आली.

"येते मग."

"उद्या भेटतोयच की!" तो उत्साहाने म्हणाला. ती घरी जायला निघाली आहे, असं त्याला वाटलं होतं. निरोप समारंभाच्या वेळी तो कोपऱ्यात कुठलीशी जुनी लढाई लिहीत बसला होता.

"शेवटपर्यंत सुधारणार नाहीस तू," ती म्हणाली आणि पाठ फिरवून, जरा भरभरच, जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. संध्याकाळी इस्त्रीच्या शर्टात तो बाकावर जाऊन बसला. कालव्यावर भुरभुर पाऊस पडत होता. समोरून जाणारी प्रत्येक छत्री तिची वाटत होती, आणि जवळ आल्यावर ती छत्री तिची नसे. दिवे लागले तेव्हा तो उठला आणि ती जिच्याकडे राहत होती त्या मावशीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"तुम्हीच का ते कॅलेंडर?" मावशीने दाराची साखळीही काढली नाही. "ती सकाळच्या गाडीने गेली."

"पण आज भेटायचं ठरलं होतं. एकोणतीसला."

"आज एक तारीख आहे."

"एक?"

"मार्चची. अहो, यंदा फेब्रुवारीला एकोणतीस तारीख कुठली? अठ्ठावीसलाच संपला." मावशीने त्याच्या ओल्या शर्टाकडे नीट पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला. "अरे देवा. तुम्ही... खरंच येऊन बसला होतात?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"तिला वाटलं, नाही म्हणालात. मला म्हणाली, मावशी, तोंडावर नाही म्हणवेना म्हणून नसलेली तारीख दिली त्याने, पण किती हसवून दिली बघ. आणि मग बराच वेळ नळ सोडून तोंड धूत बसली." मावशीने साखळी काढली. "पत्ता देते. जा आणि समजावून सांगा. पंधरा तारखेला तिला सुट्टी आहे, घरीच असेल."

त्याचा चेहरा उजळला, मग पडला. "पंधरा मार्चला?"

"का? काय झालं?"

"सीझरला भोसकलं होतं."

"कोणाला?"

"काही नाही," तो म्हणाला. पत्ता घेतला, घडी घालून खिशात ठेवला. "बघतो... जातो एखाद्या दिवशी."

पुढल्या वर्षी तिचं तिथल्याच एका भूमापकाशी लग्न झालं. लग्नाची तारीख पंधरा एप्रिल. त्या दिवशी टायटॅनिक बुडालं होतं. लग्न व्यवस्थित पार पडलं.