ळचे खिळे संपले तेव्हा

“अकरा, बारा, तेरा. कोणतं अक्षर आलं?” भिंगरीने विचारलं.

“‘ढ’,” बोक्या म्हणाला.

“थापा मारू नकोस. नीट बघ.”

“बघितलं. ‘ढ’च आहे. तुझ्यासाठीच आलंय ते.”

भिंगरीने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि शिलाई मशीनचं माहितीपुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं. ती तेरा वर्षांची, बोक्या तिचा धाकटा भाऊ, दहाचा. समोर वही मांडीवर घेऊन बसलेला तिसरा भिडू म्हणजे शेजारचा पंतोजी. मोठ्या माणसांच्या चुका तोंडावर काढायची त्याला वाईट खोड होती, म्हणून अख्खी गल्ली त्याला पंतोजी म्हणायची.

भर सुट्टीत ही तीन पोरं आत्याच्या शिवणाच्या खोलीत अक्षरं मोजत बसली होती, याचं कारण आत्याचा डोळा.

आत्या कपडे शिवायची. महिन्यापूर्वी तिला डाव्या बाजूचं धूसर दिसायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं, “दोन्ही डोळ्यांतला दाब फार वाढलाय, डाव्यातला जास्त. आठवड्याच्या आत शस्त्रक्रिया करा. गेलेली नजर परत येत नसते.” तारीखही मिळाली. आणि नेमके त्याच आठवड्यातल्या रविवारी प्रार्थनामंदिरात संशोधक उगवले.

हे संशोधक म्हणजे आयुष्यभर घरोघरचे वीजमीटर वाचून निवृत्त झालेले गृहस्थ. नोकरी सुटली, आकड्यांचं वेड काही सुटलं नाही. बायबलच्या जुन्या भाषांतरात प्रत्येक माणसासाठी एकेक निरोप दडवून ठेवलाय आणि तो आपल्या संगणकाला सापडतो, असं ते सांगू लागले. ठरावीक अक्षरं सोडून पुढचं अक्षर उचलायचं, की झाला निरोप तयार. आत्यासाठी त्यांनी जन्मांधाला दृष्टी मिळते तो अध्याय काढला. दर एकविसावं अक्षर उचललं आणि पडद्यावर चार अक्षरं लाल केली. सु, री, न, को.

झालं. मंडळींनी डोळे पुसले. बाबांनी बहिणीचा हात धरला. आत्याने दवाखान्याचा कागद घडी करून कपाटात टाकला. त्याला आता चार आठवडे झाले होते, आणि परवाच आत्याने एका झग्याची डावी बाही उलटी जोडली होती.

“मला एक कळत नाही,” पंतोजी चष्मा वर सरकवत म्हणाला. “तुझ्या आत्याला दर एकविसावं अक्षर. प्रार्थनेत पेटी वाजवणाऱ्या बाईंना दर चौतिसावं. माझ्या वडिलांना तर दर एकशेसतरावं. देव दर वेळी आकडा का बदलतो?”

“कारण देव बदलत नाही, संशोधक बदलतात,” भिंगरी म्हणाली. “हवा तो शब्द सापडेपर्यंत आकडे बदलत बसायचं. ते काम संगणक करतो. आपण हाताने करू.”

म्हणून हा खटाटोप. जोडाक्षर एकच धरायचं, हा संशोधकांचाच नियम त्यांनी पाळला. दोन दुपारी गेल्या. पहिल्या दुपारी बोक्याला ‘गाढव’ सापडला आणि तो अंगणभर नाचला. पंतोजीला ‘ढेकूण’ मिळाला. नको ते सगळं त्यांनी टाकून दिलं, आणि दुसऱ्या दुपारी तेल कसं घालावं त्या पानावर, दर तेरावं अक्षर घेतल्यावर, चार अक्षरं ओळीने आली. चा, कू, ला, व.

भिंगरी पुस्तक घेऊन तडक बाबांकडे गेली. बाबांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

“मशीनचं पुस्तक माणसांनी लिहिलंय. तो योगायोग,” ते म्हणाले. “ते पवित्र शास्त्र आहे. दोन्हींची बरोबरी करायची अक्कल कोणी शिकवली तुला?”

“पण बाबा, आत्याचा डोळा...”

“पोरखेळ बंद कर. मोठी माणसं विचार करतायत ना?”

मोठी माणसं चार आठवडे विचारच करत होती. भिंगरीला रडू आलं, पण ते रागाचं होतं. ती पाय आपटत आजोबांच्या खोलीत गेली.

आजोबा म्हणजे आत्याचे आणि बाबांचे वडील. ते छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, खणांतून वेचून ओळी जुळवायचं काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. ते जुनं भाषांतर त्यांच्याच हातचं जुळलेलं होतं. पहिल्या रविवारी त्यांनी उभं राहून तसं सांगितलंही होतं. “अहो, ती अक्षरं मी लावलीत,” म्हणाले होते. त्यावर संशोधक गोड हसले. “तुमचा हात धरून कोणी लावून घेतली, ते तुम्हाला कसं कळणार?” सगळे हसले. आजोबा खाली बसले ते बसलेच. तेव्हापासून ते या विषयावर अवाक्षर बोलले नव्हते.

“आजोबा, एवढं बघा ना,” भिंगरीने संशोधकांनी वाटलेला कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्या अध्यायाचा तो उतारा होता, मधे चार लाल अक्षरं.

आजोबांनी भिंग घेतलं. ओठ हलवत वाचत गेले आणि तिसऱ्या ओळीवर थबकले.

“‘दृष्टिहीन’,” ते पुटपुटले. “हा शब्द आमचा नाही.”

“म्हणजे?”

“मूळ हस्तलिखितात ‘आंधळा’ होतं. हा अध्यायच तसा आहे पोरी. ओळीओळीला आंधळा, डोळे, तळं. आणि तो जुळवताना आमचे ळचे खिळे संपले.”

पंतोजीने दारातूनच विचारलं, “मग?”

“मग काय? एकत्र छापायच्या पानांचा अख्खा फर्मा अडून राहिला. मी भाषांतरकार साहेबांना कळवलं. त्यांनी शब्द बदलून दिला. जिथे जमेल तिथे ‘आंधळा’ काढून ‘दृष्टिहीन’ घातला.”

पंतोजीने बोटांवर मोजायला सुरुवात केली. “आं, ध, ळा. तीन. दृ, ष्टि, ही, न. चार.” त्याचा आवाज चढला. “या चार लाल अक्षरांच्या मधे तो शब्द दोनदा आलाय. मूळ शब्द ठेवला, तर सगळी मोजणी घसरते. ‘सुरी नको’ उरतच नाही.”

“पण हे मानेल कोण?” भिंगरी म्हणाली. “तुम्ही त्या रविवारी बोललात, तर सगळे हसले.”

आजोबांनी भिंग खाली ठेवलं. काहीतरी बोलायचं होतं, ते त्यांनी गिळलं. मग म्हणाले, “साहेबांचा हुकूम होता, काम संपलं तरी तपासणीची प्रूफं टाकायची नाहीत. छापखान्याच्या माळ्यावर मागच्या भिंतीला गठ्ठे आहेत. उंदरांनी ठेवले असतील तर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं छापखान्यात. आता तिथे औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापत. मालकांनी कपाळाला आठ्या घातल्या. “माळ्यावर? अरे, तिथे मी स्वतः दहा वर्षांत चढलो नाही.”

“म्हणूनच आम्ही आलो,” बोक्या म्हणाला आणि शिडीवर चढलासुद्धा.

वर धुळीचा नुसता खच. बोक्या शिंकून शिंकून बेजार झाला. सुतळीने बांधलेला एक गठ्ठा उचलला, तर त्याचा खालचा अर्धा भाग भुसा होऊन पंतोजीच्या डोक्यावर आला. दुसऱ्यात जुन्या पावत्या. तिसरा ओला होऊन विटेसारखा घट्ट झालेला. भिंगरीने पुढचा गठ्ठा ओढला. सगळं असंच निघालं तर? घरी आत्या हातशिलाईला बसली असेल, सुईत दोरा जात नसेल, आणि ती कोणाला हाकही मारणार नाही.

अकरावा गठ्ठा बऱ्या स्थितीत होता. भिंगरीने पानं एकेक करून उलटली. एका लांबट प्रुफाच्या समासात तिला आजोबांचं अक्षर दिसलं. तरुणपणीचं, ताठ. “ळचे खिळे संपले. कारखान्याकडून आले नाहीत. ‘आंधळा’ऐवजी दुसरा शब्द मिळेल का?” खाली लाल शाईत, वेगळ्या हाताने लिहिलं होतं, “‘दृष्टिहीन’ घाला. अर्थ तोच. चालेल.” आणि सही.

पंतोजीने तिथेच, धुळीत बसून, मूळ शब्द घालून मोजलं. सु, ता, हे, ण. बोक्या म्हणाला, “सुताहेण म्हणजे काय?” तिघांनाही हसू येत होतं आणि हसायला धीर होत नव्हता.

रविवारी उपासना संपल्यावर संशोधक पडदा लावायला उठले, तेव्हा भिंगरी पुढे गेली आणि ते प्रूफ तिने मंदिरातल्या पाळकसाहेबांच्या हातात दिलं. पाळकसाहेबांनी समासातलं मोठ्याने वाचलं. पंतोजीने फळ्यावर दोन्ही मोजण्या करून दाखवल्या. सभागृहात चुळबुळ सुरू झाली.

संशोधक मात्र तसूभर हलले नाहीत. “उत्तम,” ते म्हणाले. “खिळे संपले, म्हणून योग्य शब्द आला. म्हणजे खिळे संपणं हीसुद्धा योजनाच.”

आणि माना डोलल्या! पहिल्या रांगेतल्या पेटीवाल्या बाईंची, खजिनदारांची, बाबांची. भिंगरीला वाटलं, तो फळा उचलून यांच्या डोक्यात घालावा.

“मग ही कोणाची योजना?” बोक्याने मशीनचं पुस्तक उंच धरलं. “यात लिहिलंय, चाकू लाव.”

“बाळ, खाली बस,” खजिनदार म्हणाले.

तेव्हा मागच्या बाकावर काठी वाजली. आजोबा उभे राहिले होते.

“खिळे संपले, कारण ते मागवायला मी विसरलो होतो,” ते म्हणाले. “दर महिन्याला खण मोजून कारखान्याला यादी पाठवायची, हे माझं काम. त्या महिन्यात मी पाठवली नाही. साहेबांना लिहिलं, कारखान्याकडून आले नाहीत. ते खोटं होतं. चाळीस वर्षं मी कोणाला बोललो नाही. माझ्या हाताखाली एक नवा पोरगा होता, त्याने यादी टपालात टाकली नाही असं मी मालकांना सांगितलं. त्याची नोकरी गेली.” त्यांचा आवाज फुटला. “यात देवाला ओढू नका. तो माझा आळस होता. आणि त्या आळसापायी माझ्या मुलीचा डोळा जातोय.”

संशोधक कागद चाळत राहिले.

आत्या सावकाश उठली. आजोबांकडे गेली. डाव्या हाताने चाचपडत तिने बाक धरला, ते सगळ्यांनी पाहिलं. “बाबा, तुमचा काही दोष नाही,” ती म्हणाली. “मला सुरीची भीती वाटत होती. मला कोणीतरी नको म्हणायला हवंच होतं. या संशोधकांनी म्हटलं.” मग ती भिंगरीकडे वळली. “कपाटात दवाखान्याचा कागद आहे. काढून ठेव.”

शस्त्रक्रिया बुधवारी झाली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्यांनी हातमोजे काढले आणि बाबांकडे सरळ पाहिलं. “उजवा वाचेल. डाव्यासाठी आता काही करता येणार नाही. पाच आठवड्यांपूर्वी आला असतात, तर तोही राहिला असता.”

बाबांनी मान खाली घातली. भिंगरीने त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. तिला त्यांची कीव यायला हवी होती, पण आली नाही.

पुढच्या रविवारी सत्कार झाला. हो, सत्कार. पाळकसाहेबांनी तिघांना पुढे बोलावलं, चौकस बुद्धीचं कौतुक केलं. खजिनदारांनी पेनं दिली. पेटीवाल्या बाईंनी बोक्याचा गालगुच्चा घेतला आणि आपल्याला पहिल्यापासूनच शंका होती, असं सांगितलं. संशोधक आले नव्हते. ते दुसऱ्या गावच्या मंडळींकडे जाऊ लागले आहेत, असं कानावर आलं. बाबा छाती फुगवून शेजाऱ्याला म्हणाले, “माझी पोरगी. लहानपणापासून अशीच चिकित्सक.”

“बेटा, दोन शब्द बोल,” पाळकसाहेब म्हणाले.

भिंगरीने समोर पाहिलं. रात्री तिने छानसं भाषण तयार केलं होतं. ते तिला बोलवेना.

“तुम्ही सगळे आत्यापेक्षा चांगलं वाचू शकत होतात,” ती म्हणाली. “कोणीच मोजून पाहिलं नाही.”

एवढं बोलून ती खाली उतरली. टाळ्या वाजल्या, पण अर्धवटच.

बाहेर आजोबा पायरीवर बसले होते. खिशातून पत्ता लिहिलेलं एक पाकीट काढून त्यांनी पंतोजीला दिलं. तो पोरगा आता साठीचा झाला असेल, म्हणाले, एवढं टपालात टाक, माझ्यासमोर टाक.

आत्या फाटकाशी थांबली होती. डाव्या डोळ्यावर पट्टी, हातात पिशवी. भिंगरी धावत तिच्या डाव्या बाजूला गेली, तरी आत्या समोरच बघत राहिली. भिंगरीने हात लावला, तेव्हा ती दचकली आणि पूर्ण मान वळवून तिने पाहिलं.

“तू आहेस होय?” आत्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि रिकामा हात भिंगरीच्या खांद्यावर ठेवला. “आजपासून तू याच बाजूने चालत जा. इकडचं मला तू सांगायचं.”

रस्ता ओलांडायचा होता. भिंगरीने डावीकडे पाहिलं.

“थांब,” ती म्हणाली. “सायकल येतेय.”