गाडीचा कल्ला

पूर्वीने पांढऱ्या व्हॅनच्या बॉनेटवर तळहात टेकला, तर पलीकडून आणखी एक हात तिथेच आला.

"गरम आहे," दोघं एकदमच म्हणाली... आणि एकमेकांकडे बघतच राहिली.

जुनी गाडी थंड असतानाच चालू करून बघायची, म्हणजे इंजिनाचं खरं दुखणं कळतं. जुन्या गाड्या विकणाऱ्या डहाणूच्या पांड्याने मात्र गिऱ्हाईक यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवलं होतं, आणि वर आत्ताच पेट्रोल भरून आणली अशी थापही मारली. पलीकडच्या हाताचा पोरगा गालात हसला. नाव दिपेश, वेवजीचा. चिकूची कलमं गावोगाव पोचवायला त्याला गाडी हवी होती. तो आधी आला, म्हणून पहिली निवड त्याची. परवडतील अशा गाड्या दोनच होत्या — ही चकचकीत पांढरी आणि कोपऱ्यातली, उन्हाने विटलेली हिरवी.

पूर्वीला गाडी हवीच होती. तिची आई चंद्रिका झाईहून मासळीच्या पाट्या घेऊन तलासरीच्या बाजाराला जायची, पण भाड्याचा टेम्पो गावोगाव थांबत जाणार. पोचेपर्यंत मोक्याची जागा गेलेली, मासळी मऊ पडलेली, मग पडेल भावात विकायची. या वर्षी आईला त्या टेम्पोतून उतरवायचंच, असं पूर्वीने ठरवलं होतं.

दिपेश पांढरीभोवती घुटमळत होता, तोवर तिने मागची चटई उचलली. वरची चकाकी बघून मासळी कोण घेतं? कल्ला उचलून आतला लाल रंगच बघायचा. चटईखालच्या पत्र्याचे गंजून पापुद्रे सुटत होते, आणि सीटच्या खोबणीत माशाचा खवला चिकटलेला. पांड्या जिला चिकूच्या वाडीतली म्हणत होता, ती गाडी वर्षानुवर्षं बर्फाचं खारं पाणी प्यायली होती. मग तिने हिरवीचा तळ ठोकून बघितला. खणखणीत होता.

आता नुसतं गप्प बसायचं... की हिरवी तिची. दिपेशने बयाण्यासाठी खिशात हात घातला, आणि पूर्वीला राहवलं नाही.

"ती घेऊ नका. तळ सडलाय. हिरवी घ्या."

दिपेशने वाकून चटईखाली बघितलं, मग तिच्याकडे. "गप्प राहिला असतात तर हिरवी तुम्हालाच मिळाली असती."

"खराब माल मी ओळखीच्या माणसाला घेऊ देत नाही."

"आपली कुठे ओळख आहे?"

"झाली ना — आत्ता."

त्याने हिरवी तिलाच देऊ केली, पण उपकाराची गाडी तिला नको होती. शेवटी ठरलं, की गाडी त्याची. सकाळी तिची मासळी, दुपारी त्याची कलमं, आणि भाडं ती देणार. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून गाडी पारखली. थंड इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झालं, काळा-निळा धूर नाही, ब्रेक दाबल्यावर एकीकडे ओढ नाही, चेसिस नंबरही कागदाशी जुळला.

खोट निघाली ती मालकात. दिपेश गाडी अशी चालवायचा, जणू मागे अंडी भरलीत. पूर्वीने त्याला बाजूला सरकवून स्टिअरिंग हातात घेतलं. तो शेजारी बसला, आणि रस्ता सोडून तिच्याकडेच बघू लागला.

"समोर बघा," ती म्हणायची.

"समोर तुम्ही बघताय की..."

तिचे कान लाल व्हायचे. मागे पाट्या सांभाळणारी चंद्रिका काहीच न ऐकल्यासारखं करायची.

दिवाळीआधीच्या बाजाराला हिरवी सगळ्यांत आधी पोचली. मोक्याची जागा चंद्रिकाची झाली. टेम्पो धापा टाकत आला तेव्हा तिच्या निम्म्या पाट्या रिकाम्या होत्या, आणि भाव ती सांगेल तोच चालत होता. आईला असं ताठ बसलेलं बघून पूर्वीचा ऊर भरून आला.

दिपेश जवळ येऊन अडखळला. "पूर्वी... यापुढे भाडं नको. अर्धी गाडी तुझीच समज."

"अर्धी नको मला."

त्याचा चेहरा पडला.

"अख्खी हवी," ती त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "मालकासकट."

दिपेशने खिशातून गाडीची किल्ली काढून तिच्यापुढे धरली. शेवटी चंद्रिकाच सुरमई कापता कापता म्हणाली, "पोरा, हो म्हण लवकर. गिऱ्हाईक खोळंबलंय."

तो हो म्हणाला, ते इतक्या मोठ्याने, की पलीकडच्या भाजीवाल्यांनीसुद्धा वळून बघितलं.