लिंकेजवरची तार

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. नंतर मध्येच कुणी खिदळलं तर मी उठून घरी जाईन, मग बसा एकमेकांची तोंडं बघत.

ज्याच्यावर हे गुदरलं तो माझा शेजारी. त्याचं गॅरेज आणि माझं पंक्चरचं दुकान यांच्यामध्ये नुसता एक पत्रा. त्याने तिकडे जांभई दिली की मला इकडे झोप यायची. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे, बायकोसुद्धा रागात असली की मिस्त्रीच म्हणायची. माणूस हुशार. पण वेळ मारून नेण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. 'आत्तापुरतं करून देतो' हे त्याच्या तोंडात बसलेलं वाक्य होतं.

ऑगस्टमधला गुरुवार होता. तीन दिवस पाऊस हटायला तयार नव्हता. संध्याकाळी सहाच्या सुमाराला मिस्त्रीचा धाकटा मेव्हणा, म्हणजे बायकोचा लहान भाऊ, आपली पिकअप घेऊन गॅरेजवर आला. ही पिकअप रोज पहाटे चारला पाव-बिस्किटं भरून डोंगरापलीकडच्या गावांना जायची. तिचे दोन्ही वायपर काचेवर आडवे पडले होते. काचेखाली लोखंडी पट्ट्यांची एक जोडणी असते. मोटार फिरली की ती जोडणी वायपरना इकडून तिकडे नाचवते. तिला म्हणतात लिंकेज. त्या लिंकेजची एक पट्टीच मोडली होती.

"दाजी, उद्या खाडा चालणार नाही हां," धाकटा म्हणाला. "आणि ते तुमचं आत्तापुरतं वगैरे नको. पूर्ण बदला."

"आता तू शिकव मला," मिस्त्री म्हणाला. "घरी जा, जेव, झोप. चारला ये, गाडी तयार असेल."

स्पेअरपार्टच्या दुकानात नवीन लिंकेज नव्हतं, चार दिवस लागतील म्हणाले. म्हणून मिस्त्री स्कूटरला किक मारून भंगारवाल्याकडे गेला. भंगारवाला कुलूप लावायच्या बेतात होता. त्याने मागच्या ढिगातून पोत्यात गुंडाळलेलं एक लिंकेज आणून हातात दिलं. एरवी मिस्त्री दहा प्रश्न विचारायचा. कुठली गाडी, किती चालली, कुठे ठोकली. त्या दिवशी भिजून चिंब झाला होता, त्यामुळे काही न विचारता पोतं पायाशी ठेवून परत आला.

मी दुकान बंद केलं तेव्हा साडेनऊ झाले होते. मिस्त्री वायपरचे दांडे उतरवून काचेखालचं काळं झाकण काढत होता. गॅरेजच्या मागेच त्याचं घर. मागच्या दारातून बायकोने हाक मारली, "अहो, गरम आहे तोवर जेवून घ्या."

"आलोच, दहा मिनिटं."

"तुमची दहा मिनिटं माहितीयत मला. झाकून ठेवते."

इथपर्यंत मी डोळ्यांनी पाहिलं. पुढचं मिस्त्रीने मला सांगितलं, एकदाच, आणि सांगताना माझा हात धरून ठेवला होता.

अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याने पोतं सोडलं. लिंकेज चिखलाने आणि जुन्या ग्रीसने माखलेलं होतं. रॉकेलचा बोळा घेऊन तो पुसायला बसला. मधल्या सांध्याशी बोळा अडकला. ग्रीसखाली तार होती. तांब्याची. सहा वेढे, मग पीळ, आणि टोक आतल्या बाजूला दुमडलेलं, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून.

असं टोक दुमडणारा आमच्या भागात एकच मिस्त्री होता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शनिवारची संध्याकाळ होती. मिस्त्रीचा थोरला मेव्हणा, धाकट्याचा दादा, असाच पिकअप घेऊन आला होता. त्याच्या लिंकेजच्या सांध्यातला बुश, म्हणजे प्लॅस्टिकची एवढीशी टोपी, फुटला होता. दुकानं बंद झालेली. मिस्त्रीने सांधा तारेने आवळला आणि म्हणाला, "सोमवारी ये, नवीन बुश टाकू. तोवर जा बिनधास्त." त्याच रात्री डोंगरउताराच्या वळणावर, धो धो पावसात, ती पिकअप खाली गेली.

लोक म्हणाले, डुलकी लागली असणार. मग म्हणाले, घेतली असणार. ज्या माणसाने उभ्या जन्मात थेंबाला हात लावला नाही, त्याची बायको चारचौघांत जायची बंद झाली. म्हातारे वडील मुलाचं नावच घेईनासे झाले. आणि मिस्त्री? खांदा द्यायला सर्वांत पुढे. पण चुरडलेली गाडी बघायला तो एकदाही गेला नाही. बघितली असती तर सांधा निखळलाय का हे कळलं असतं, आणि तेच त्याला कळून घ्यायचं नव्हतं.

आता सांधा मांडीवर होता. टोपीच्या जागेवरून निसटून बोटभर बाजूला सरकलेला. तार ढिली पडून नुसती लोंबत होती.

मिस्त्रीने काय केलं असेल? तार कापली आणि जळक्या ऑइलच्या डब्यात टाकली. तार बुडेपर्यंत बघत बसला. मग स्वतःशीच म्हणाला, लोखंड ते लोखंड, त्याला काय आठवतंय. सांध्यात नवा बुश दाबून बसवला. लिंकेज गाडीत चढवलं. मोटार एकदा फिरवून तिच्या मूळ जागेवर थांबू दिली, तेव्हाच दांडे बसवले. सगळं अगदी शिस्तीत. वायपर चालू करून पाहिले. झकास चालले. बंद केले, जागेवर थांबले.

एक नट आवळायचा राहिला होता. आत हात घालायचा म्हणून त्याने बॅटरीचं टर्मिनल काढलं. ही त्याची नेहमीची सवय, कारण त्या पट्ट्या बोटं छाटतात. हात आत घातला.

वायपर हलले.

सावकाश वर गेले... सावकाश खाली आले.

मिस्त्रीने हात हिसडून बाहेर काढला. टर्मिनलकडे पाहिलं. सुटं लोंबत होतं. किल्ली त्याच्या खिशात. बाहेर पाऊस, आत बल्ब, आणि कोरड्या काचेवर रबराचा तो आवाज... खर्र... खर्र...

मग थांबला.

मिस्त्री दिवा तसाच ठेवून घरात गेला. जेवला नाही.

"झालं का काम?" बायकोने झोपेतच विचारलं.

"झालं."

पाठ टेकली. डोळ्याला डोळा नाही. चारला धाकटा येणार, गाडी नेणार, त्याच डोंगरावरून जाणार. सांगावं का? काय सांगावं? दोन वर्षं हिच्या हातचं जेवलो, हिच्या भावाला मीच मारलं, असं? त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आणि भिंतीपलीकडून...

खर्र... खर्र...

तीन वाजून वीस मिनिटांनी तो उठला. कंदील घेतला. गॅरेजमधला बल्ब विझला होता.

पिकअपची काच पांढरी झाली होती. धुरकट. बाहेरून नव्हे, आतून. बंद गाडीत कुणी रात्रभर श्वास घेत बसलं की होते, तशी. दारं बंद. आत कुणी नाही.

वायपर थांबले.

आणि काचेच्या आतल्या बाजूने... हात फिरला.

हात दिसला नाही. पुसलेलं दिसलं. तळव्याएवढा पट्टा. परत धुरकटला. परत पुसला. समोरचं दिसत नाही म्हणून माणूस पुसतो ना, तसं. पाऊस बाहेर असतो, आतून पुसून काय होणार... तरी पुसतो. आधी सावकाश. मग भराभर. मग...

मिस्त्रीचे गुडघे जमिनीला टेकले.

"तार मी बांधली होती," तो म्हणाला. "दादा, मी बांधली होती. तू झोपला नव्हतास. तुला दिसत नव्हतं."

हात थांबला.

पाऊससुद्धा ऐकू येईना, असं मिस्त्री म्हणाला.

"कुठली तार, दाजी?"

आवाज मागून आला. वळून पाहिलं तर धाकटा. रेनकोटातून पाणी निथळत होतं. झोप लागेना म्हणून लवकर आला होता.

मिस्त्रीने सगळं सांगितलं. जमिनीवरूनच. धाकट्याने शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे दादाने घेतली नव्हती."

"नाही रे."

"आणि आम्ही दोन वर्षं..."

मागच्या दारात मिस्त्रीची बायको उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. ती रडली नाही, ओरडली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मिस्त्री म्हणाला. ती फक्त म्हणाली, "त्या रात्री दादाचा फोन आला होता मला. म्हटलं, पाऊस फार आहे, थांब कुठेतरी. तर म्हणाला... दाजींनी स्वतःच्या हाताने बांधून दिलंय. काळजी करू नकोस."

उजाडल्यावर ती भावाबरोबर माहेरी गेली. मिस्त्रीही मागोमाग गेला. सासऱ्यांपुढे, थोरल्याच्या बायकोपुढे, जमलेल्या सगळ्यांपुढे त्याने आपल्या तोंडाने सांगितलं. वडिलांनी दोन वर्षांनी मुलाचं नाव घेतलं आणि ढसाढसा रडले. मिस्त्रीला कुणी मारलं नाही, पण पाणीही विचारलं नाही. बायको परत आली नाही. गॅरेजला कुलूप लागलं ते लागलंच. माझ्याशी बोलला त्यानंतर वर्षभरात तोही गेला.

पिकअप अजून धाकटाच चालवतो. नवीन लिंकेज आणून दुसऱ्याकडून बसवून घेतलं. मी त्या गाडीत बसलोय, पावसातच, म्हणून सांगतो. काच आतून सगळी धुरकटते, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. फक्त ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर तळव्याएवढी जागा स्वच्छ राहते. धाकटा तिच्यातूनच बघून चालवतो.

मी म्हटलं, काचेचाच काही दोष असेल.

तो म्हणाला, "काका, काच दोनदा बदलली."