सगळ्यांच्या मागून येणारा

पाठीमागून पावलं येत होती, पण काही केल्या पुढे जात नव्हती. ती थांबली की थांबत, ती चालली की चालत. टेकडीवरच्या छोट्या शर्यतीत हौसेने उतरलेली ती, पेशाने दातांची डॉक्टर, आधीच घामाघूम झाली होती. शेवटी ती वळली.

“पुढे जायचं असेल तर जा ना. मी कधीची वाट देतेय.”

“जायचं आहे हो,” मागचा तरुण म्हणाला, “पण परवानगी नाही. मी शेवटचा आहे.”

“शेवटची मी आहे.”

“तुम्ही शेवटून दुसऱ्या. माझ्यामुळे इज्जत वाचली तुमची.”

हसायचं नाही असं ठरवूनही ती हसली. त्याच्या खांद्याला रिबिनींनी भरलेली पिशवी होती. वाटेवर झाडांना बांधलेल्या खुणेच्या रिबिनी सोडवत, कोणी मागे राहिलं नाही ना हे बघत सर्वांच्या शेवटी यायचं, हे त्याचं काम. पळणारी मंडळी त्याला लाडाने शेपूट म्हणत. एरवी तो एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा.

टेकडी उतरेपर्यंत तिने त्याला विचारून घेतलं, की डोंगरातली ती मोठी, पन्नास किलोमीटरची शर्यत आपल्याला झेपेल का. त्याने तिच्या बुटांकडे बघितलं आणि सांगितलं, की बूट बदला, बाकीचं होईल.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा दादाने जेवता जेवता विचारलं, की हे खूळ किती दिवस टिकणार. त्याचं तरी काय चुकलं? गिटार अर्धी शिकून झाली होती, पोहणं अर्धं, आणि ठरलेलं लग्नसुद्धा तिने ऐनवेळी मोडलं होतं. आईने नुसतं तिच्याकडे बघितलं, आणि तेच जास्त लागलं. एवढी एक गोष्ट तडीस न्यायचीच, अशी तिने मनाशी खूणगाठ बांधली.

मग दर रविवारी सकाळी दोघं डोंगरावर जाऊ लागले. चढाला पळायचं नाही, गुडघ्यांवर हात टेकून छोटी छोटी पावलं टाकायची. भूक लागायच्या आधी खायचं. उतारावर घाबरून मागे रेलायचं नाही. सवयीने तो तिच्या मागेच असायचा. दवाखान्यात रोग्यांची तोंडं उघडी असल्यामुळे दिवसभर तीच बोलायची. इथे तिला दम लागलेला, आणि तो दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करून तिला आणखीच बेजार करायचा. एकदा ओल्या दगडावर तिचा पाय घसरला. त्याने कोपर धरून तिला सावरलं, आणि ती सावरल्यावरही क्षणभर हात तिथेच राहिला.

“तुम्ही कधी पुढे पळतच नाही का?” तिने एका चढावर विचारलं.

“पुढून तुम्ही दिसत नाही.”

तोंड लाल झालंय ते चढामुळे, असं तिने न विचारताच जाहीर केलं.

शर्यतीच्या दिवशी डोंगरभर धुकं होतं. नियम साधा होता. खिंडीतल्या शेवटच्या चौकीवर ठरलेल्या वेळेच्या आत पोचायचं. नाही पोचलं तर शर्यत तिथेच संपली, आणि छातीवरचा नंबर काढून घ्यायचं काम शेपटाचं. दुपारपर्यंत एकेक जण तिला मागे टाकून गेला. मग मागून ती ओळखीची पावलं ऐकू आली, आणि तिला इतकं बरं वाटलं की पायांनी आपणहून वेग सोडला.

तिने बुटाची नीट बांधलेली नाडी पुन्हा बांधली. धुक्यात बघण्यासारखं काही नसताना दरीकडे बघत उभी राहिली. तोही तिच्या मागे थांबला.

“गुडघा दुखतोय?”

“नाही.”

“मग पळत का नाही?”

“असंच… छान वाटतंय म्हणून.”

“खिंड अजून वर आहे. असं चाललात तर वेळ टळेल, आणि तुमचा नंबर मी काढून घेईन.” त्याच्या आवाजात हसू नव्हतं. “निघा.”

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती निघाली. काचा घासून घासून या माणसाचं काळीजही काचेचं झालंय, असं मनातल्या मनात बडबडत, नाक ओढत, ती तो चढ चढली. रागाने पायांना भलतंच बळ दिलं. चौकीवरचा माणूस शिट्टी तोंडात धरून घड्याळाकडे बघत होता. तिला बघून त्याने शिट्टी खाली घेतली आणि पाण्याचा पेला पुढे केला.

शेवटच्या रेषेपाशी दादा उभा होता. एवढा उशीर कशाला, असं ओरडत त्याने आपलं जॅकेट तिच्या अंगावर घातलं, आणि मग डोळे पुसायला पाठ फिरवली. घरी चल म्हणाला, तर ती जमिनीवर बसूनच राहिली. अजून एक जण यायचाय, एवढंच तिने सांगितलं.

कमान उतरवून झाली, टेबलं मिटली, तेव्हा तो आला. त्याने आधी तिच्या गळ्यातलं पदक बघितलं आणि मोठा श्वास सोडला.

“मी का रेंगाळतेय ते कळलं नव्हतं तुम्हाला?” तिने विचारलं.

“कळलं होतं.”

“मग?”

त्याने पिशवी खाली ठेवली. “मलाही तेच हवं होतं, पार पहिल्या टेकडीपासून. पण तुमचा नंबर माझ्या हाताने काढला असता, तर पुढे कधीही माझ्याकडे बघितलंत की तुम्हाला तेच आठवलं असतं. आणि मला तर…” तो अडखळला. “मला तर तुमच्यासमोर रोज यायचंय. जन्मभर, तुमची हरकत नसेल तर.”

दादा एकाएकी डोंगराचं फारच बारकाईने निरीक्षण करू लागला.

तिने उठायचा प्रयत्न केला. एकदा केला, पुन्हा केला. पाय ऐकायला तयार नव्हते.

“उठता येत नाहीये मला,” ती म्हणाली, “नाहीतर आत्ता मिठी मारली असती.”

मग तोच खाली बसला.